मेक्सिकोच्या मडक्यातला घेवडा

मेक्सिकन जेवण म्हटले की आपल्याकडच्या तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढे काय येते, हे मी दवाखान्यात सहज विचारून पाहिले आहे. चीज ओतलेले मक्याचे कुरकुरीत तुकडे, मैद्याच्या पोळीत गुंडाळलेला भात, वर आंबट साय आणि सोबत मोठा ग्लासभर गार पेय. पुण्या-मुंबईत हे मिळतेच, पण आता तालुक्याच्या गावीही अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. या सगळ्यात डब्यातल्या राजम्याचा लगदा असतो जेमतेम दोन चमचे. ते खाऊन आलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी पोट धरून येतो आणि सांगतो, "डॉक्टर, राजमा बाधला." चीज बाधले, मैदा बाधला, गार पेय बाधले असे कोणी म्हणत नाही.

ज्या देशाच्या नावावर हे खपते, तिथल्या घरात शिजणारा रोजचा पदार्थ अगदी निराळा आहे. तो इतका साधा की हॉटेलवाल्याला त्यात विकण्यासारखे फारसे काही सापडत नाही. घेवड्याचे दाणे, भरपूर पाणी, अर्धा कांदा, चमचाभर चरबी आणि मीठ. त्याला ते लोक 'फ्रिहोलेस दे ओया' म्हणतात, म्हणजे मडक्यातला घेवडा. वाचकहो, हा पदार्थ आपल्या घरांतही, विशेषतः ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे अशा घरात, आठवड्यातून एकदा-दोनदा शिजावा असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र शिजवण्याच्या बाबतीत डॉक्टर म्हणून माझ्या दोन अटी आहेत आणि त्या दोन्ही मी सोडायला तयार नाही. एक अट दाण्याबद्दल आहे, दुसरी मडक्याबद्दल.

आधी दाण्याची ओळख करून घेऊ. राजमा उत्तरेकडचा, पंजाबचा, असे आपण समजतो. प्रत्यक्षात राजमा, श्रावणघेवडा आणि सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा ही सगळी एकाच जातीची भावंडे आहेत. शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गारिस. याचे मूळ अमेरिका खंडात. हजारो वर्षांपूर्वी तो दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागवडीखाली आला, एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा दक्षिणेकडे अँडीज पर्वताच्या बाजूला. आपण आणतो तो मोठा लाल राजमा अँडीजच्या घराण्यातला, तर लहान काळा घेवडा आणि ठिपक्यांचा पिंटो हे मेक्सिकोच्या घराण्यातले. ॲझटेक सम्राटाकडे जमा होणाऱ्या खंडणीत मक्याबरोबर घेवडाही मोजून घेतला जात असे. सोळाव्या शतकातल्या 'कोडेक्स मेंडोसा' या चित्रमय पोथीत त्याची नोंद आहे. वाघ्या घेवड्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले ते योग्यच झाले, पण त्याचे पणजोबा समुद्रापलीकडचे आहेत हे विसरू नये.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला काही आठवडे राहिलो होतो. त्या शहरात मेक्सिकन वंशाची वस्ती फार मोठी. शेजारी एक सत्तरीच्या आजीबाई राहत. त्या मूळच्या मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसी राज्यातल्या. त्यांना इंग्रजी बेताचे आणि आम्हाला स्पॅनिश मुळीच नाही, त्यामुळे सगळे संभाषण मुलगी आणि हातवारे यांच्या साहाय्याने चाले. बाळंतिणीसाठी म्हणून त्यांनी पहिल्यांदा एक पातेले आणून दिले. आमच्या सौभाग्यवतींनी झाकण उघडले आणि त्यांचा चेहरा पडला. हळद नाही, फोडणी नाही, मसाला नाही, नुसते तपकिरी पाणी आणि दाणे. पण चव घेतल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच पातेले परत करायला स्वतः गेल्या आणि तासभर तिथेच बसल्या.

आजीबाईंची रीत मी तीन वेळा उभा राहून पाहिली. प्रथम दाणे टेबलावर पसरून निवडायचे. खडे, सुरकुतलेले आणि किडके दाणे बाजूला. मग दोन-तीन पाण्यांनी धुवायचे. अर्धा किलो दाण्यांना अडीच ते तीन लिटर पाणी, अर्धा कांदा तसाच न चिरता, लसणाच्या दोन पाकळ्या, मोठा चमचाभर चरबी. मोठ्या आचेवर खळाखळा उकळी आणायची, ती काही वेळ तशीच ठेवायची आणि मग आच कमी करून झाकण अर्धवट ठेवायचे. पाणी दाण्यांच्या वर दोन बोटे राहिले पाहिजे. कमी झाले तर घालायचे ते उकळते पाणी, गार पाणी कधीच नाही. दोन-अडीच तासांनी दाणा दोन बोटांत सहज चिरडला की मग मीठ, आणि त्यानंतर आणखी वीस मिनिटे. रस्सा दाटसर होतो तो दाण्यांतल्या पिठामुळे. त्यात बाहेरचे काही लागत नाही.

मेक्सिकोत प्रांतोप्रांती दाणा बदलतो. उत्तरेला पिंटो, मध्य भागात फिकट तपकिरी बायो आणि गुलाबी ठिपक्यांचा 'फ्लोर दे मायो', दक्षिणेला आणि व्हेराक्रूझच्या किनाऱ्याला काळा. ओआहाका राज्यात काळ्या घेवड्यात अॅव्होकॅडोच्या एका विशिष्ट जातीचे पान घालतात, त्याला बडीशेपेसारखा वास असतो. उत्तरेला त्याच घेवड्यात खारवलेले डुकराचे मांस आणि मिरच्या घालून 'चार्रोस' करतात. तो मात्र सणावारी खाण्याचा पदार्थ आहे, माझ्या रुग्णांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मला सर्वांत आवडला तो त्या मडक्याचा पुढचा प्रवास. पहिल्या दिवशी वाडगाभर दाणे रश्शासकट, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबाची फोड आणि हाताशी मक्याच्या गरम तोर्तिया. दुसऱ्या दिवशी उरलेले दाणे तव्यावर थोड्या चरबीत घालून लाकडी ठोकणीने चेचायचे आणि परतायचे. हेच ते 'रेफ्रितोस'. इंग्रजीत त्याचे दोनदा तळलेले असे भाषांतर झाले आहे, ते चूक. स्पॅनिशमधला तो 'रे' म्हणजे 'चांगलेच', 'मनापासून'. तिसऱ्या दिवशी जे काही तळाशी राहिले असेल ते पातळ करून त्यात तोर्तिया बुडवायच्या, त्या 'एनफ्रिहोलादास'. एकदा गॅस पेटवला की तीन दिवसांची सोय. नोकरी करणाऱ्या सुनेला आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना याहून सोयीचे काय असणार?

शाकाहारी वाचकांनी चरबीचे नाव ऐकून पान उलटू नये. डुक्कर मेक्सिकोत आले ते स्पॅनिश लोकांबरोबर, म्हणजे 1521 च्या आसपास आणि नंतर. त्यापूर्वी तिथे तळणीची चरबी नव्हतीच. आपण वापरतो तो कांदा, लसूण, लिंबू, कोथिंबीर हे सगळेही त्यांच्याच जहाजांतून गेले. तेव्हा ज्या घरात चरबीही चालत नाही आणि कांदा-लसूणही चालत नाही, त्या घरातला नुसता पाणी-मिठातला घेवडा हा उलट अधिक जुना आणि अधिक अस्सल म्हणायला हरकत नाही. मी स्वतः चमचाभर शेंगदाण्याचे तेल घालतो.

आता यातल्या पोषणाकडे वळतो. शिजलेल्या शंभर ग्रॅम घेवड्यात सुमारे 9 ग्रॅम प्रथिने आणि जातीप्रमाणे 6 ते 9 ग्रॅम तंतुमय भाग असतो. फोलिक आम्ल, लोह, मॅग्नेशियम आहे. त्यातला पिष्टमय भाग सावकाश पचतो, त्यामुळे जेवणानंतर रक्तातली साखर एकदम उसळी घेत नाही. प्रथिनांच्या पावडरचा महागडा डबा घेऊन येणारे तरुण मला विचारतात, "डॉक्टर, हे घेऊ का?" मी विचारतो, घरात घेवडा, मटकी, हरभरा शिजतो का? बहुधा उत्तर येते की आईला वेळ नसतो. डब्याच्या पैशात वर्षभराचा घेवडा येईल, हा हिशेब कोणी करत नाही.

घेवडा आणि मका ही जोडी तिथल्या शेतातही एकत्र आहे. 'मिल्पा' नावाच्या जुन्या पद्धतीच्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल धरतात आणि घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीला देतात. ताटातही तेच सहकार्य चालते. मक्यात लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी, ते घेवड्यात भरपूर. घेवड्यात मिथिओनिन कमी, ते मक्यात आहे. दोन्ही एकत्र खाल्ले की मांसाशिवाय प्रथिनांची भरपाई होते. आपल्या भाकरी-आमटीचे शास्त्र याहून वेगळे नाही.

तोर्तियाचे पीठही नुसते दळलेले नसते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन मग वाटतात. याला 'निश्तामाल' म्हणतात. त्याने कॅल्शियम तर मिळतेच, शिवाय मक्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुन्याची रीत मात्र मागेच राहिली. पुढे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला. 1735 साली स्पेनमधल्या गास्पार कासाल या डॉक्टरने त्या रोगाची पहिली नोंद केली. धान्य उचलले आणि ते शिजवणाऱ्या बायकांचे ज्ञान टाकून दिले, त्याची ही किंमत. मला तर वाटते, आजच्या डबाबंद 'मेक्सिकन' जेवणाचीही तीच गत आहे.

खुद्द मेक्सिकोचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, नाही तर चित्र अपुरे राहील. ज्या देशाच्या घराघरांत असे मडके होते, त्या देशात नोव्हेंबर 2016 मध्ये सरकारला मधुमेह आणि स्थूलता यांबाबत साथरोग आणीबाणी जाहीर करावी लागली. घरातला घेवडा गेल्या काही दशकांत कमी झाला आणि गोड पेये, पाकिटातले खाणे वाढले. सगळा दोष घेवडा सुटल्याचा आहे असे मी म्हणणार नाही. शहरी राहणी, बैठे काम, शिक्षणाचा आणि पैशाचा प्रश्न, हे सगळे त्यात आहे. पण जे पोटातून गेले त्याची जागा कशाने भरली, हे पाहावेच लागते. 1 जानेवारी 2014 पासून तिथे गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. 2020 पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आले. मार्च 2025 पासून शाळांत असे खाणे विकायला बंदी झाली. मडके चुलीवरून उतरायला फार वर्षे लागली नाहीत, ते परत चढवायला मात्र कर, शिक्के आणि कायदे लागत आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या फाटकाबाहेर मधल्या सुट्टीत काय विकले जाते, हे पालकांनी एकदा उभे राहून पाहावे.

आता माझी पहिली अट. घेवडा पूर्ण आणि खळखळून उकळलाच पाहिजे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, पांढऱ्यात त्याहून कमी. कच्च्या लाल राजम्यात त्याचे प्रमाण 20 हजार ते 70 हजार एकक, आणि नीट शिजवल्यावर तेच 200 ते 400 एकक उरते. चार-पाच कच्चे दाणेही पुरेसे होतात. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांत जोराची मळमळ, उलट्या, मागोमाग जुलाब आणि पोटदुखी. माणूस बहुधा काही तासांत सावरतो, पण तेवढ्या वेळात तो गळून जातो आणि सलाईनची वेळ येऊ शकते.

यातली मेख अशी की अर्धवट गरम करणे हे कच्च्याहून वाईट. सुमारे 80 अंशांपर्यंतच तापलेल्या दाण्यात हे विष कच्च्या दाण्याच्या पाचपट उग्र होऊ शकते, असे आढळले आहे. परदेशात विजेवर चालणारे स्लो कुकर असतात. सकाळी दाणे घालायचे, रात्री कामावरून येऊन जेवायचे. त्यांपैकी काहींत आतले तापमान 75 अंशांच्या वर जात नाही. माझ्या एका जुन्या रुग्णाचा मुलगा तिकडे शिकायला होता. चार मित्रांनी मिळून अशा भांड्यात राजमा केला, दाणा थोडा कचकचीत लागला तरी भुकेपोटी खाल्ला आणि रात्री बारापर्यंत चौघेही बाथरूमच्या दारात रांग लावून. वडिलांनी मला घाबरून फोन केला की पोरांना विषबाधा झाली, मसाला इकडून पाठवला होता. मसाल्याचा काही संबंध नव्हता. सकाळी चौघेही ठीक होते.

2006 साली जपानमध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वजन कमी करण्यासाठी पांढरा घेवडा दोन-तीन मिनिटे भाजून, दळून, भातावर घालून खाण्याचा सल्ला दिला गेला. शेकडो प्रेक्षकांना उलट्या-जुलाब झाले, काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. आज मोबाईलवर असे सल्ले रोज फिरतात. 'भिजवलेला कच्चा राजमा सॅलडमध्ये घाला' हा निरोप मला स्वतःला तीन जणांनी दाखवला आहे. मोड आलेली मटकी किंवा मूग कच्चे खाण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून हा सल्ला पटकन पटतो. राजम्याला तो नियम लावू नका.

तेव्हा राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळाखळा उकळा. विष नष्ट व्हायला 100 अंशांवर दहा मिनिटे पुरतात, उरलेला वेळ सगळ्या दाण्यांपर्यंत उष्णता नीट पोहोचण्यासाठी. आपला प्रेशर कुकर या बाबतीत देवाने दिलेली देणगी आहे. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून 2,240 मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी 92-93 अंशांनाच उकळते, म्हणून तिथल्या बायकाही आता घेवडा सर्रास कुकरलाच लावतात. आजीबाई भिजवत नसत हे खरे. मेक्सिकोत पुष्कळ घरी भिजवत नाहीत, त्याने रंग आणि चव उतरते असे त्या म्हणतात. पण त्यांचे मडके दोन-अडीच तास उकळत असे. तेवढा धीर असेल तर न भिजवताही चालेल. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रभर बाहेर भिजवले तर पाण्याला फेस आणि वास येतो, म्हणून भांडे फ्रीजमध्ये ठेवा किंवा सकाळी भिजवून दुपारी शिजवा.

दुसरी अट मडक्याची. मातीच्या भांड्यातल्या घेवड्याची चव वेगळी लागते हे मी नाकारत नाही. पण मेक्सिकोतल्या पारंपरिक भांड्यांना आतून जी तकतकीत झिलई असते, ती शेकडो वर्षे 'ग्रेता' म्हणजे शिशाच्या ऑक्साइडची करत आले आहेत. कमी आचेत भाजलेल्या अशा भांड्यातून शिसे अन्नात उतरते. लिंबू, टोमॅटो, मिरचीची आंबट चटणी अशा पदार्थांत ते जास्त उतरते. तिथल्या लहान मुलांच्या रक्तात शिसे सापडण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर, शिकण्यावर परिणाम होतो, रक्त कमी होते, पोट दुखत राहते. आणि ही लक्षणे इतकी साधी की पालकांना, आणि कित्येकदा डॉक्टरलाही, भांड्याचा संशय येत नाही. म्हणून हे अधिक घातक. आता तिथे 'शिसेमुक्त' असे लिहिलेली भांडी करणारे कारागीर आहेत, पण बाजारात दोन्ही शेजारी शेजारी विकली जातात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखता येत नाही.

हे आपल्याला सांगण्याचे कारण असे की परदेशवारीहून परतणारी मंडळी अशी रंगीत भांडी हौसेने आणतात. भिंतीवर टांगा, फुले ठेवा, त्यात शिजवू नका आणि लोणचे तर मुळीच भरू नका. हाच नियम आपल्या प्रदर्शनांतल्या स्वस्त, चकचकीत झिलईच्या भांड्यांनाही लावावा. आपल्या कुंभाराचे बिनझिलईचे मडके किंवा स्टीलचे पातेले उत्तम. आजीबाईही स्टीलचेच पातेले वापरत. त्यांचे जुने मडके कपाटावर शोभेला होते.

राहिला वायूचा प्रश्न. घेवडा म्हटले की निम्मे रुग्ण पोटावर हात ठेवून नाही म्हणतात. दाण्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. भिजवलेले पाणी टाकल्याने त्यांतला काही भाग जातो. शिवाय नियमाने थोडे थोडे खाणाऱ्यांना दोन-तीन आठवड्यांत त्रास कमी झाल्याचे मी पाहिले आहे. वर्षातून एकदा ताटभर खाणाऱ्याला तो होणारच. मेक्सिकोत यासाठी 'एपासोते' नावाच्या उग्र वासाच्या पाल्याची एखादी काडी शेवटच्या पंधरा मिनिटांत घालतात. ही आपल्या चाकवताची नातलग. आपण ओवा-हिंग घालतो त्यामागचाच विचार. या वनस्पतीचे तेल एके काळी जंतांवर औषध म्हणून देत, पण ते विषारी ठरल्याने मागे पडले. म्हणून वाळवलेला पाला मिळाला तर चिमूटभरच घाला, गर्भवतींनी घालू नये आणि तेलाच्या बाटलीच्या नादी कोणीच लागू नये. पाला नसेल तर काही बिघडत नाही.

मिठाबद्दल एक गैरसमज तिकडेही आहे आणि इकडेही, की आधी मीठ घातले तर दाणा शिजत नाही. उलट भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ असले तर साल मऊ पडते. दाणा आडमुठेपणा करतो तो जड पाण्यामुळे, चिंच-टोमॅटोच्या आंबटामुळे, आणि बहुतेक वेळा जुनेपणामुळे. दमट, उष्ण जागेत वर्ष-दोन वर्षे पडलेला घेवडा कितीही शिजवा, टणकच राहतो. मग सोडा टाकला जातो. सोड्याने दाणा मऊ होतो, पण थायमिन नष्ट होते आणि रक्तदाबाच्या रुग्णाच्या पोटात नको तितके सोडियम जाते. सोड्यावर खर्च करण्यापेक्षा दुकानदाराला ताजा माल विचारा. आंबट काही घालायचे ते दाणा शिजल्यावर, ताटात घालावे. लिंबामुळे त्यातले लोहही जास्त शोषले जाते, आणि त्याच कारणाने जेवणाबरोबर चहा नको.

आपल्या स्वयंपाकघरात हे असे करावे. पाव किलो घेवडा किंवा राजमा भिजवून, पाणी बदलून, अर्धा कांदा आणि दोन लसणाच्या पाकळ्या घालून कुकरला लावा. शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. झाकण उघडून, मीठ आणि चमचाभर तेल घालून, आणखी अर्धा तास उघड्यावर मंद उकळू द्या, म्हणजे रस्सा दाट होतो. कुकरमध्ये जे राहून जाते ते या अर्ध्या तासात येते. गरम मसाला घालण्याचा मोह एकदा तरी आवरा. सोबत ज्वारीची किंवा मक्याची भाकरी. मधुमेहाच्या रुग्णाने वाडगाभर दाणे घेतले तर भाताला त्या जेवणात सुट्टी द्यावी. भाजी, भात, पोळी सगळे नेहमीचे आणि वर घेवडा, असे करून साखर कमी होत नाही.

उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. घेवड्याचा रस्सा जिवाणूंनाही आपल्याइतकाच आवडतो. पुन्हा घेताना लागेल तेवढाच काढून पूर्ण उकळी आणावी. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये.

ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे, क्रिएटिनिन वाढलेले आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. शंभर ग्रॅम शिजलेल्या राजम्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि रस्सा प्यायला तर त्यात आणखी भर पडते. अशा रुग्णांसाठी दाणे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकावे लागते आणि वाटीचे मापही ठरवून घ्यावे लागते. मुळव्याध, बद्धकोष्ठ असणाऱ्यांनी सुरुवात अर्ध्या वाटीने करावी आणि पाणी भरपूर प्यावे. कवळी बसवलेल्या आजी-आजोबांना दुसऱ्या दिवशीचा चेचलेला घेवडा द्यावा, तव्यावर थोड्या तेलात परतून, वर लिंबू पिळून.